चौघे की पाच?

[माहितीपटाचं निवेदन. देवगड बंदर. ऑगस्ट अखेर. सकाळ.]

मोबाइलच्या पडद्यावर एक फोटो आहे. उलटलेली होडी, भोवती फेसाळ पाणी. खाली मजकूर: देवगडची ट्रॉलर बुडाली, पाच खलाशी बेपत्ता. पहाटेपासून तालुक्यातल्या ग्रुपांवर तो फिरतोय.

आता या बोटाकडे बघा. फोटो मोठा करत करत ते होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर येऊन थांबतं. तिथे नोंदणी क्रमांक रंगवलेला आहे. अंक पुसट झालेत, पण अंकांच्या आधीची दोन अक्षरं वाचता येतात. जीजे. म्हणजे गुजरात. आपल्याकडच्या होड्यांवर एमएच असतं.

फोटो देवगडचा नाही, एवढं इथे ठरलं. पण एक ट्रॉलर काल रात्री परत यायला हवी होती आणि आलेली नाही, हेही खरं आहे. त्यामुळे बातमी अफवा म्हणून सोडून देता येत नाही, आणि आहे तशी पाठवताही येत नाही.

हे बोट एका दैनिकाच्या देवगडच्या वार्ताहराचं आहे. नाव सांगू नका, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. आम्ही ते पाळतोय.

[पोंभुर्ले. 6 जानेवारी. कौलारू घरं, कलमांच्या बागा, जांभ्याचे गडगे.]

याच देवगड तालुक्यातलं हे पोंभुर्ले. बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. 1812 सालचा जन्म. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं तेव्हा वय जेमतेम विशीचं होतं. ते आधी पाक्षिक होतं, त्याच वर्षी 4 मेपासून साप्ताहिक झालं.

[‘दर्पण’च्या पानाची प्रतिकृती. कॅमेरा डावीकडून उजवीकडे.]

हे पान सावकाश बघण्यासारखं आहे. दोन स्तंभ. एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. कंपनी सरकारचा साहेब एका बाजूने वाचणार आणि इथला माणूस दुसऱ्या बाजूने. दोघांच्या समोर एकच कागद. साहेबाला एक आणि रयतेला भलतंच सांगायला त्या पानात जागाच नव्हती. मराठी पत्रकारितेची सुरुवात अशी उघड्यावर झाली, आणि ती कोकणातून गेलेल्या एका तरुण शिक्षकाने केली, याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. 1840 मध्ये ‘दर्पण’ बंद झालं. 1846 मध्ये बाळशास्त्री गेले.

6 जानेवारी महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी या गावात पत्रकार जमतात, पुरस्कार दिले जातात. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. बाळशास्त्रींच्या गावात पुरस्कार घेताना भल्याभल्यांचा गळा दाटून येतो.

[इथे निवेदन नाही. दहा सेकंद फक्त सभामंडपाचा आवाज.]

पुरस्कार देणारे समोरची कात्रणं वाचतात. भाषा बघतात, विषय बघतात, वाचताना काळीज हललं का ते बघतात. बातमीतल्या माणसाच्या दारात जाऊन कुणी बघत नाही. ते काम त्याआधी, वृत्तपत्राच्या कचेरीत व्हायला हवं असतं.

[‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जुन्या पानाचं छायाचित्र.]

28 सप्टेंबर 1980. अमेरिकेतल्या या नामांकित दैनिकाच्या पहिल्या पानावर आठ वर्षांच्या जिमीची कहाणी आली. हेरॉइनची सुई टोचून घेणारं पोर. लिहिणाऱ्या बाई होत्या जॅनेट कुक. वाचून शहर हादरलं. पोलिसांनी जिमीला गल्लोगल्ली शोधलं, तो सापडला नाही. 13 एप्रिल 1981 रोजी या लेखाला पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार जाहीर झाला आणि दोनच दिवसांत परत करावा लागला. जिमी नावाचा मुलगा नव्हताच.

हे उघड कसं झालं, ते ऐका. पुरस्कार जाहीर झाल्यावर कुक यांची माहिती छापायला घेतली गेली. त्यांच्या आधीच्या दैनिकातल्या लोकांनी ती वाचली. आपल्याकडे असताना यांनी सांगितलेलं शिक्षण वेगळं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या एका पदवीवरून सगळं उलगडत गेलं. मुलाचं खरं नाव काय, घर कुठे, हा प्रश्न मात्र छापण्याआधी संपादकांनी लावून धरलाच नव्हता. नंतर त्या दैनिकाने स्वतःच्या चुकीची चौकशी करून ती स्वतःच्याच अंकात सविस्तर छापली. हे करायला धैर्य लागतं, तेही नोंदवायला हवं.

[‘डेर श्पीगल’च्या अंकाचं मुखपृष्ठ, डिसेंबर 2018.]

दुसरी गोष्ट जर्मनीची. ‘डेर श्पीगल’ या साप्ताहिकात तथ्यं तपासायला स्वतंत्र विभाग आहे, आणि तो लहान नाही. त्यांच्या क्लास रेलोटियस या बातमीदाराकडे पुरस्कारांची रांग लागली होती. 2018 मध्ये मेक्सिको–अमेरिका सीमेवरच्या एका वृत्तांतात हुआन मोरेनो हा त्याचा सहलेखक होता. मोरेनो पगारावर नव्हता, कामाप्रमाणे पैसे मिळत. रेलोटियसच्या भागातले तपशील त्याला खटकले. वरिष्ठांनी आधी त्याच्यावरच संशय घेतला. तेव्हा तो पदरचे पैसे घालून ॲरिझोनात गेला, बातमीतल्या माणसांना गाठलं आणि रेलोटियसचा फोटो समोर धरला. ते म्हणाले, या माणसाला आम्ही कधी भेटलोच नाही. 19 डिसेंबर 2018 रोजी ‘श्पीगल’ने स्वतःच हे जाहीर केलं. त्याच महिन्यात रेलोटियसला आणखी एक मोठा पुरस्कार मिळालेला होता.

मोरेनोने जे केलं ते पायाने केलेलं काम आहे. ते आता देवगडात बघू.

[देवगड. धक्का. मासळीचे लिलाव संपत आलेले.]

ट्रॉलर समुद्रात जाण्याआधी बंदरावर टोकन घ्यावं लागतं. वहीत होडीचं नाव, तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, खलाशी. वार्ताहर ती वही बघतात. नावं पाच आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी इथे बातमी पाठवली असती, कारण लेखी पुरावा हातात आला. ते वही मिटतात आणि मासळीच्या पाटीवर बसलेल्या मावशींकडे जातात. हा संवाद जसा झाला तसाच ठेवलाय.

“पाचवो खंयचो? तो चढलोच नाय. ताप इलो हा त्येका.”

“मावशे, तुया सोताच्या डोळ्यान बघितलंस?”

“बघूक कित्या व्होया? शेजारीच रवता माझ्या.”

तेवढ्यात कचेरीतून तिसऱ्यांदा फोन. दुसऱ्या एका संकेतस्थळावर ‘पाच बेपत्ता’ लागलंसुद्धा, आपली कधी? ते म्हणतात, अर्धा तास द्या. आणि स्कूटरला किक मारतात, कारण मावशींनीही प्रत्यक्ष बघितलेलं नाही.

[चढणीचा रस्ता. दूर पवनचक्क्या. घराचं खळं, म्हणजे अंगण.]

ओटीवर कांबळं पांघरून एक तरुण बसलाय. पहाटेपासून त्याच्याच घरी लोक समाचाराला येतायत. त्याच्या आईचा चेहरा तुमच्यासमोर आहे.

[निवेदन नाही. आठ सेकंद.]

तो म्हणतो, आदल्या दिवशी टोकन घेतलं तेव्हा नाव दिलं होतं, रात्री अंग तापलं म्हणून गेलो नाही. मग वहीत दुरुस्ती करायचं राहून गेलं. फोटो खोटा होता. कागद खरा होता, पण त्यातला आकडा चुकीचा. मावशींचं ऐकीव होतं, ते बरोबर निघालं. यातलं काय कसं आहे, हे धक्क्यावर उभं राहून ठरवता आलं नसतं.

[रत्नागिरी. टिळक आळी. टिळकांचं जन्मस्थान.]

कागदाने मोठमोठी माणसं फसली आहेत. 23 जुलै 1856 रोजी या वास्तूत लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. 1881 च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला, आणि अगदी सुरुवातीलाच त्याच्यावर हा प्रसंग आला. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या नावाची काही पत्रं हाती आली. कारभारी तरुण महाराजांच्या जिवावर उठलेत, असं त्यांतून दिसत होतं. महाराजांच्या छळाने लोक संतापलेले होतेच. ‘केसरी’ने आणि त्याच्या जोडीच्या ‘मराठा’ या इंग्रजी पत्राने त्या पत्रांच्या आधारे लिहिलं. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी 1882 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात 101 दिवस दोघे डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं.

हेतू चांगला होता, पुरावा कच्चा होता. आपल्याला जे खरं वाटावंसं वाटतं त्याचाच कागद कुणीतरी आणून देतं, तेव्हा तो उलटून बघायला मन धजत नाही. ही गोष्ट टिळकांना कमीपणा आणते, असं आम्हाला मुळीच वाटत नाही. पोंभुर्ल्याच्या व्यासपीठावरून ती दर वर्षी सांगितली जावी, असं मात्र फार वाटतं.

[वार्ताहरांचं घर. टेबल, लॅपटॉप, कात्रणांच्या फायली.]

अशा वार्ताहराला पगार नसतो, मानधन असतं. अनेकांकडे नेमणुकीचं पत्रही नसतं. पेट्रोल स्वतःचं. वर्धापन दिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायच्या, त्या ज्यांच्याकडून आणायच्या त्यांच्याच विरुद्धची बातमी वर्षभर लिहायची. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत बातमी म्हणून सारखाच मजकूर शब्दशः आल्याचं, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं (पेड न्यूज) प्रकरण, पत्रकार पी. साईनाथ यांनी पुढे आणलं. दोन वर्षांआधीच त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळालेला होता, आणि त्यानंतरही ते शांतपणे ढीगभर अंक शेजारीशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघत बसले होते. पुरस्काराचं वजन वापरायचं तर असं.

[राजापूर. धावत्या गाडीतून महामार्ग.]

6 फेब्रुवारी 2023 रोजी इथे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे, त्याच्याविषयीची त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती.

[देवगड. संध्याकाळ. समुद्रावर ढग उतरलेले.]

न आलेल्या ट्रॉलरचं इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्या ट्रॉलरने दोर टाकून ओढत आणलं. किल्ल्याच्या टोकाला वळसा घालून दोन्ही होड्या आत येतायत. धक्क्यावर गर्दी आहे. पुढे येऊन दोर झेलतोय तो सकाळचा कांबळ्यातला मुलगा.

वार्ताहर गर्दीच्या कडेला उभे आहेत. एकेक खलाशी धक्क्यावर पाय ठेवतो तसा त्यांचा अंगठा बोटाच्या पेरांवर सरकतो. मग फोन कानाला लागतो.

“हां, चार. नाही, कुणी सांगितलं नाही. मी मोजले.”