ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती?

भाताच्या खाचराच्या कडेला, जिथली ओल सहसा आटत नाही, तिथे चिखलावर पसरलेली ही वनस्पती पाहा. पाने लहान, जाडसर आणि रसदार. फुले इतकी फिकट जांभळी की पांढरीच वाटावीत. ही नीरब्राह्मी, शास्त्रीय नाव बाकोपा मोनिएरी. आता ही कुंडीतली पाहा. हिची पाने गोलसर आणि कडेला दातेरी असून प्रत्येक पान स्वतंत्र देठावर उभे आहे. ही मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, चक्क कोथिंबिरीच्या कुळातली. महाराष्ट्रात परसदारी लावलेली आणि केसांच्या तेलात उकळली जाणारी ‘ब्राह्मी’ पुष्कळदा हीच असते.

उतारवयातल्या विसराळूपणावर ब्राह्मी घ्यावी का, या प्रश्नाआधी कोणती ब्राह्मी, हा प्रश्न येतो तो यामुळे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात, चिकित्सास्थान या उपचारांच्या विभागातल्या पहिल्याच अध्यायात बुद्धीला हितकर अशी चार रसायने, म्हणजे बळ देणारी औषधे, सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस म्हणजे ताजा रस, दुधासोबत ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा. त्यांतही मान शंखपुष्पीचा. ब्राह्मी हे नाव या चौघींत नाही. ब्राह्मीघृत, म्हणजे ब्राह्मी घालून सिद्ध केलेले तूप, येते ते पुढे, अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) चिकित्सेत.

आधुनिक प्रयोगशाळेने मात्र निवड केली ती नीरब्राह्मीची. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यातील बॅकोसाइड या घटकांवर दीर्घकाळ काम केले आणि त्यांचे प्रमाण निश्चित असलेला अर्क तयार केला. पुढे माणसांवर चाचण्या झाल्या. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत पंचावन्न वर्षांपुढील 98 निरोगी व्यक्ती सहभागी झाल्या होत्या. काहींना रोज 300 मिलिग्रॅम अर्क आणि इतरांना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी असे बारा आठवडे देण्यात आले. ऐकलेल्या शब्दांची यादी शिकणे आणि काही वेळाने ती आठवणे, यात अर्क घेणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. पोटात कळ येणे, मळमळणे आणि वारंवार शौचास जावे लागणे या तक्रारीही त्यांच्यातच अधिक होत्या.

या निष्कर्षाला जेवढे वजन आहे तेवढेच द्यायला हवे. सहभागी व्यक्ती निरोगी होत्या, काळ तीन महिन्यांचा होता आणि दिलेला पदार्थ प्रमाणित अर्क होता. दुकानातल्या चूर्णाचा चमचा म्हणजे तो अर्क नव्हे. शब्द आठवणे सुधारले म्हणून स्मृतिभ्रंश टळतो, असेही यातून सिद्ध होत नाही. गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची कथा इथे आठवावी. स्मरणशक्तीसाठी त्याची ख्याती मोठी होती. पण अमेरिकेत पंचाहत्तरी ओलांडलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांना सुमारे सहा वर्षे तपासल्यावर, 2008 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, स्मृतिभ्रंशाचे प्रमाण त्याने घटले नव्हते. ब्राह्मीची परीक्षा इतकी दीर्घ झालेली नाही.

‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, आणि ते धोक्याचे आहे. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले होते. शिसे तर मेंदूलाच घातक. शिवाय हृदयाची गती मंदावणारी किंवा स्मृतिभ्रंशावरची औषधे चालू असतील, तर ब्राह्मीचा अर्क डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये.

बाटली विकत घेण्यापूर्वी एक साधी रक्ततपासणी मात्र अवश्य करून घ्यावी: बी-12 जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळते, वयानुसार ते शोषून घेण्याची क्षमता कमी होते आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याची पातळी खालावू शकते. शाकाहारी, मधुमेही आजोबा हे तिन्ही निकष एकटेच पूर्ण करतात. त्यांच्या विसराळूपणामागे ही कमतरता असेल, तर ती गोळीने किंवा इंजेक्शनने भरून काढता येते, आणि वेळेत सापडली तर स्मरणशक्तीत सुधारणाही होऊ शकते.