रिपोर्टमध्ये ‘ब्लॅडर वॉल थिकन्ड’ लिहिलंय? आधी हे बघा

नमस्कार मंडळी! या विषयावर इतक्या कमेंट येतायत की आज बसून बोलूनच टाकतो. बहुतेकांचं सारखंच, सोनोग्राफी केली पित्ताच्या खड्यांसाठी, लघवीचा त्रास काहीच नाही आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ, ब्लॅडर वॉल थिकन्ड, म्हणजे लघवीच्या पिशवीची भिंत जाड झालीये. मग गूगल, मग कॅन्सर, मग झोप उडाली.

लघवीची पिशवी काय असते वगैरे सोडून देतो. माझा पहिला प्रश्न, तपासणीच्या वेळी पिशवी भरलेली होती का? भरलेल्या पिशवीची भिंत साधारण ३ मिमीपर्यंत नॉर्मल, नीट भरलेली नसेल तर ५ पर्यंतही चालते. हवा गेलेल्या फुग्याचं रबर जाडच लागणार ना! रिपोर्टमध्ये ‘पार्शियली डिस्टेंडेड’ (म्हणजे पिशवी अर्धवटच भरलेली) असे शब्द आहेत का बघा. कमेंटमध्ये लोक नुसतं लिहितात, ‘सर ६ मिमी आहे, घाबरू का?’ अहो, ६ कधी, लघवीला जाऊन आल्यावर की आधी? तेच कोणी सांगत नाही! एक काका भली मोठी फाईल घेऊन आले होते, म्हटलं पाणी प्या, थांबा, पिशवी भरू दे. परत बघितलं तर भिंत एकदम व्यवस्थित. (आणि काढ्याने भिंत पातळ होते का विचारणाऱ्यांनो, कशामुळे जाड झालीये ते तर आधी कळू दे.)

आता पिशवी भरलेली असूनही जाड दिसली तर? सगळीकडून सारखी जाड असेल तर बऱ्याचदा इन्फेक्शन, नाहीतर प्रोस्टेटमुळे (पुरुषांमध्ये पिशवीच्या खाली असलेली ग्रंथी) लघवीला अडथळा. पण एकाच जागी जाडी किंवा आत गाठीसारखं काही असेल तर दर महिन्याला सोनोग्राफी करत बसू नका, युरॉलॉजिस्टकडे जा, दुर्बिणीने आत बघायला लागतं. कधीकधी प्रोस्टेटचा मधला भाग आत आलेला असतो तोही गाठच वाटतो. खडा किंवा रक्ताची गुठळी असेल तर कुशीवर वळल्यावर बहुतेक वेळा सरकते, भिंतीला धरून असलेली गाठ सरकत नाही, म्हणून सोनोग्राफीत तुम्हाला वळायला लावतात.

लघवीची साधी तपासणी कराच. मायक्रोस्कोपखाली एका हाय पॉवर फील्डमध्ये (म्हणजे खूप मोठं करून बघताना एका वेळी दिसतो तेवढ्या भागात) ३ किंवा जास्त लाल पेशी असतील तर विषय पुढे न्यायचा. आणि न दुखता लघवीतून लाल रक्त गेलं, एकदाच गेलं, आपोआप थांबलं, तरी दाखवायचं, त्यातून सिगारेट-बिडी ओढणारे असाल तर नक्कीच. तिथे पिशवी रिकामी होती हे कारण चालणार नाही. सोनोग्राफी क्लिअर आली म्हणून सुटलो असंही नाही, काही कॅन्सर भिंतीवर सपाट पसरतात, ते सोनोग्राफीत दिसतच नाहीत, म्हणून दुर्बीण.

अजून एक, आई-वडिलांना कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावलेला असताना केलेल्या सोनोग्राफीचे रिपोर्ट पाठवताय ना, त्यात पिशवी रिकामीच असते हो! आणि नळीने भिंतीला सूज येते ती वेगळीच. तो आकडा धरून बसू नका, नळी कधी काढायची ते डॉक्टरांना विचारा आणि भिंतीचं नंतर पिशवी भरल्यावर बघा.