काळ्या दगडाचा फोटो राखाडी का येतो?

वेरूळ, १६ क्रमांकाचं लेणं. कैलास. इथं फोटो काढून पाहा. डोळ्यांना दगड काळाभोर दिसतोय, फोटोत मात्र तो राख फासल्यासारखा.

कॅमेरा बिघडलेला नाही. ऑटोवर असताना तो समोरचं सगळं सरासरी राखाडी रंगाचं आहे असं धरून उजेड मोजतो. काळा कातळ दिसला की त्याला वाटतं, उजेड कमी पडतोय. मग तो फोटो उजळवतो. छत्रपती संभाजीनगरात बीबी का मकबऱ्यासमोर याच्या उलट. पांढऱ्या घुमटानं चौकट भरली की तो उजेड कापतो, आणि घुमट मळकट येतो.

मराठवाड्यात फोटोग्राफी शिकणाऱ्याची यातून सुटका नाही. बेसाल्टची लेणी, नांगरलेली काळी रानं, दसरा-दिवाळीच्या सुमारास फुटलेला कापूस. सरासरी राखाडी इथं शोधायची कुठं?

म्हणून अधिक-उणे चिन्हाचं बटण आधी ओळखा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. काळ्या रानाला उणे एक, म्हणजे उजेड निम्मा. वेचणीला आलेल्या कापसाला अधिक एक, म्हणजे दुप्पट. बऱ्याच मोबाईलवर स्क्रीनला बोट लावलं की छोटा सूर्य दिसतो, तो खाली-वर सरकवायचा. महागड्या लेन्सची चर्चा नंतर. वर्षभर झाली नाही तरी बिघडत नाही.

आता पारावर चला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी आणि उन्हानं रापलेला चेहरा. कॅमेरा कपडे सांभाळायला जातो नि चेहरा काळवंडतो. "काका, फोटो काढू का?" असं विचारा, आणि हो म्हणाले की स्क्रीनवर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवा. धोतराच्या चुण्या पुसट झाल्या तर होऊ द्या. काका वडाच्या सावलीत सरकले, तर अर्धं काम त्यांनीच केलं.

अजिंठ्याचं वेगळं. चित्रांचे रंग जपायचे म्हणून तिथं फ्लॅशला बंदी. अंधारात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १६००, ३२०० पर्यंत चढवावी लागते, फोटोत दाणे दिसतात. ते चालतात. हललेला फोटो मात्र नंतर सुधारत नाही, म्हणून कोपरं बरगड्यांना घट्ट लावा.

आणि निघण्याआधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.