निष्पत्तीचे वाक्य आणि दुसरीचा वर्ग

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय 2000 सालापासून पहिलीच्या वर्गात आला. तोवर तो पाचवीपासून शिकवला जात असे. प्रा. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना घेतलेल्या या निर्णयावर बराच वाद झाला, पण तो मुख्यतः इंग्रजी केव्हा सुरू करावे याविषयी होता. ज्या शिक्षकांनी स्वतः पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली होती, त्यांनी सहा वर्षांच्या मुलाला नेमके काय आणि किती शिकवायचे, हा प्रश्न मात्र वर्गाच्या दारातच उभा राहिला.

या प्रश्नाचे आज उपलब्ध असलेले उत्तर म्हणजे अध्ययन निष्पत्ती, म्हणजेच त्या त्या इयत्तेत मुलाला काय करता यायला हवे ते सांगणारी वाक्ये. शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी 2017 मध्ये निष्पत्तींचा समावेश करणारी दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेने प्राथमिक स्तरासाठी इयत्तावार, विषयवार निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच त्यांचा तक्ता छापलेला दिसतो. डाव्या रकान्यात सुचवलेली शैक्षणिक प्रक्रिया आणि उजव्या रकान्यात निष्पत्ती असे त्याचे स्वरूप असते. पुस्तकातील सर्वांत कमी वाचली जाणारी पाने बहुधा हीच असावीत. वार्षिक नियोजनात निष्पत्तीचा क्रमांक टिपला जातो, टाचणात, म्हणजे रोजच्या पाठाच्या आखणीत, तो उतरतो आणि शिकवणे सुरू होते ते थेट पहिल्या पाठापासून.

पहिलीच्या इंग्रजीतील एक निष्पत्ती पाहू. ‘दार लाव’, ‘पुस्तक आण’ यांसारख्या सोप्या इंग्रजी सूचना ऐकून मूल त्याप्रमाणे कृती करते, असा तिचा आशय आहे. त्याच यादीत आणखी एक निष्पत्ती आहे, ती अशी की मूल ‘बॉय’, ‘सन’ अशी नामे आणि ‘इन’, ‘ऑन’, ‘अंडर’ यांसारखे शब्द वापरते. दोन्ही एकाच इयत्तेच्या असल्या तरी त्यांची अपेक्षा सारखी नाही. सूचनांच्या निष्पत्तीत मुलाने एक शब्दही उच्चारण्याची गरज नाही, तर शब्दवापराच्या निष्पत्तीत शब्द त्याच्या तोंडून यायला हवा.

आता दुसरीच्या एका वर्गाची कल्पना करा. बाई टेबलावर पुस्तक आणि पेन्सिल ठेवतात आणि म्हणतात, “पुट द पेन्सिल अंडर द बुक.” एक मुलगी क्षणभर बाईंच्या हाताकडे बघते, कारण काल बाईंनी हे सांगताना हातानेही दाखवले होते. आज हात हलत नाही. ती पुस्तक उचलते आणि पेन्सिल त्याखाली सरकवते. मग बाई विचारतात, “व्हेअर इज द पेन्सिल?” आणि मुलगी उत्तर देते, “पुस्तकाखाली.”

हे उत्तर चूक म्हणायचे का? उत्तरपत्रिकेच्या सवयीने पाहिले तर ते चूकच वाटते. पण पहिली आणि दुसरीच्या निष्पत्तींत हे स्पष्टच लिहिलेले आहे की ऐकलेल्या इंग्रजीला मुलाने इंग्रजीत, घरच्या भाषेत किंवा खुणांच्या भाषेत प्रतिसाद दिला तरी चालेल. मुलीला प्रश्न समजला, जागा समजली आणि तिने ती अचूक सांगितली. तेव्हा श्रवणाशी संबंधित निष्पत्ती तिने गाठली आहे, वापराशी संबंधित निष्पत्ती अजून गाठलेली नाही. बाईंनी या दोन नोंदी वेगवेगळ्या केल्या, तरच उद्या काय करायचे ते त्यांना कळेल. आकलनाचा सराव पुन्हा देण्यात अर्थ नाही, बोलण्याची संधी मात्र द्यायला हवी. ‘अंडर’ या शब्दाचे स्पेलिंग पाच वेळा लिहून आणायला सांगितले, तर या दोहोंपैकी काहीच साधत नाही.

घरच्या भाषेची ही सवलत उदार वाटते, पण तिचा अर्थ लावताना एक घोटाळा होतो. घरची भाषा म्हणजे शाळेचे माध्यम असे आपण गृहीत धरतो. मेळघाटातील मूल घरी कोरकू बोलते, नंदुरबारच्या डोंगराळ भागातील मूल भिलीच्या एखाद्या रूपात बोलते आणि तांड्यावरचे मूल गोरमाटीत. त्याच्यासाठी मराठीच शिकण्याची भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. अशा वर्गात शिक्षकाने प्रत्येक इंग्रजी वाक्याचा मराठी अर्थ सांगितला, तर आपण सोपे करतो आहोत असे त्याला वाटेल, पण मुलापुढे अडथळे एकाऐवजी दोन होतील. तिथे चित्र, वस्तू आणि हावभाव यांचा उपयोग भाषांतरापेक्षा अधिक होतो, आणि तक्त्याचा डावा रकाना नेमका याच गोष्टी सुचवतो.

निष्पत्ती देशभरासाठी एकच असल्या तरी मुलाची जीभ आणि कान त्याच्या परिसराचेच असतात. ‘ब्रदर’, ‘फ्रॉग’ असे शब्द उच्चारता येणे ही पहिलीची एक अपेक्षा आहे. जोडाक्षरांची सवय असलेल्या मराठी मुलाला ती सहसा जड जात नाही. उलट ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला भेद त्याच्या कानाला चटकन लागत नाही, कारण आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना फारसे पाळत नाही. ‘टेबलाखाली’ म्हणताना मराठीत खालीपणा वस्तूच्या नावामागून येतो, तर ‘अंडर द टेबल’ म्हणताना तो आधी येतो. दप्तराच्या पिशवीला मूल ‘शी’ म्हणाले, तर त्यात नवल नाही, कारण पिशवी मराठीत ‘ती’च असते. या जागा तक्त्यात सापडणार नाहीत, त्या शिक्षकालाच भराव्या लागतात. म्हणूनच अर्थ लावण्याचे काम एकट्याने करण्यापेक्षा चार शिक्षकांनी एकत्र बसून करणे बरे. राज्यात 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘तेजस’ या प्रकल्पात शिक्षकांचे असे गट बांधण्यावर भर होता. जवळच्या शाळांच्या केंद्रावर भरणाऱ्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतही हे होऊ शकते, मात्र त्यासाठी परिपत्रकांच्या वाचनातून वेळ उरायला हवा.

शालेय शिक्षणाच्या 2023 च्या राष्ट्रीय आराखड्यात ध्येये, त्यांतून क्षमता आणि क्षमतांतून निष्पत्ती अशी उतरंड मांडली आहे. मांडणी नवी असली तरी शेवटच्या पायरीवर शिक्षकाला पुन्हा एक वाक्यच मिळणार आहे आणि ते वाक्य मुलाच्या कोणत्या कृतीत दिसेल, हे त्यालाच ठरवायचे आहे.

मूल्यमापनाची रचना या वाचनाला अनुकूल आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या 2010 च्या शासन निर्णयाने पहिली-दुसरीसाठी आकारिक (शिकवता शिकवता होणाऱ्या) मूल्यमापनाला 70 टक्के आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाला 30 टक्के भारांश दिला. आकारिकच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण आणि तोंडीकाम आधी येतात, चाचणी त्यानंतर. प्रत्यक्षात अडते ते नोंदवहीपाशी. व्हॉट्सॲपवर तयार वर्णनात्मक नोंदींच्या पीडीएफ फिरतात आणि त्यांतून ‘इंग्रजी शब्दांचे वाचन करतो’ असे वाक्य तीस मुलांपुढे एकाच शाईत उतरते. त्या मुलीच्या नावापुढे ‘सूचना हाताच्या खुणेशिवाय समजते, जागा मराठीत सांगते, अंडर स्वतःहून वापरत नाही’ एवढी ओळ असेल, तर बदली होऊन आलेल्या शिक्षकालाही तिच्याशी कुठून बोलायला सुरुवात करायची ते कळेल.