भिवंडीतली मोहल्ला समिती

(दृश्य : अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट.)

ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीत यंत्रमागाचा धंदा कुणा एका समाजाचा नाही. मोमीन अन्सारी विणकर, तेलुगू बोलणारे पद्मशाली, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आणि सुताचे गुजराती-मारवाडी व्यापारी एकमेकांवाचून माग चालवू शकत नाहीत. तरीही १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी येथे भीषण दंगल उसळली, न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली, आणि १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. पोटापाण्याचे नाते माणसांना शेजारी बसवते. संकटात त्यांना एकमेकांवर विश्वास ठेवायला लावतेच असे नाही.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून येथे आले. शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण त्यांत बहुतेक पुढारी बसत, आणि सण तोंडावर आला किंवा तणाव वाढला की त्यांची आठवण होई. खोपडे यांनी हा क्रम उलटवला. त्यांच्या मोहल्ला समित्यांमध्ये त्या-त्या वस्तीतली साधी हिंदू-मुसलमान माणसे आली, आणि समितीची जबाबदारी त्याच भागात काम करणाऱ्या पोलिसांकडे गेली. बैठकीत धर्मावर प्रवचने अपेक्षित नव्हती. नळावरची भांडणे, नवरा-बायकोचे तंटे, शेजाऱ्यांच्या कुरबुरी, असे किरकोळ वाटणारे विषय तेथे येत. आणि हीच या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणावी लागेल, कारण अशी भांडणे मिटवता मिटवता हवालदार आणि रहिवासी एकमेकांना नावाने ओळखू लागले.

(दृश्य : डिसेंबर १९९२ मधील वृत्तपत्रांची पाने.)

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत झालेल्या दंगलींमध्ये ९०० माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. मुंबईच्या इतक्या जवळ असलेल्या आणि दंगलींचे गाव म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीत मात्र त्या काळात दंगल झाली नाही. अफवा तेथेही पोहोचणारच होत्या. पण कानावर आलेली गोष्ट खरी की खोटी, हे पलीकडच्या वस्तीतल्या कुणाला विचारायचे, ते आता लोकांना ठाऊक होते. पुढे मुंबईतही तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, आणि एकाने उभी केलेली बैठक चालू ठेवायची की नाही, हे बरेचसे पुढच्याच्या मर्जीवर राहते. जुलै २००६ मध्ये भिवंडीत पुन्हा रक्त सांडले. या वेळी हिंदू आणि मुसलमान समोरासमोर नव्हते. पोलीस ठाण्याच्या बांधकामासाठी घेतलेली जागा कब्रस्तानाची असल्याचा दावा करत जमाव पोलिसांच्या विरोधात उभा ठाकला. पोलिसांच्या गोळीबारात दोन जण मरण पावले, आणि नंतर दोन पोलीस शिपायांना जमावाने ठार केले. जागा कुणाची, हा प्रश्न नळावरच्या भांडणाइतकाच स्थानिक होता, आणि तो मोहल्ल्यातल्या बैठकीत न सुटता रस्त्यावर आला.