फटीतून आलेलं भंगार

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘घरगुती स्टुडिओ आणि काचेचे सरकते दरवाजे’ असं छापलंय. तरीही रविवारी सकाळी एवढी माणसं आलीत, म्हणजे खाली उपमा आहे हे सगळ्यांना कळलेलं दिसतंय.

मी ऑडिओबुकं वाचते. कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीच्या खोलीत. आतली खोली शांत आहे, पण तिथे सासूबाईंचा देव्हारा आणि आमच्या ह्यांची वर्षानुवर्षांची वर्तमानपत्रं आधीपासून राहतात. बाल्कनीला दोन ट्रॅकचा ॲल्युमिनियमचा दरवाजा, 5 मिलिमीटरची काच. तर एकदा काय झालं, कादंबरीतली नायिका बारा वर्षांनी त्याला भेटते. मी आवाज अगदी खाली आणून वाचतेय, ‘तुझ्याकडे अजून काय उरलंय माझं?’ आणि मागून, खणखणीत, ‘भंगाऽऽर! बॅटरी, पंखा, जुना कूलर!’

मला ते ऐकूच आलं नाही हो, कानाला सवय झालेली. संपादकाचा निरोप आला: ‘उत्तर चांगलं आहे, पण संहितेत नाही.’

निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, असा 2000 सालचा नियम आहे. तो भंगारवाल्याला दाखवायला मी खाली गेले, आणि जुना मिक्सर त्याला देऊन वर आले. कुणीतरी अंड्याचे ट्रे भिंतीला लावायला सांगितलं. शाकाहारी घरात नव्वद ट्रे आले, सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. तेवढीच काय ती शांतता. बाहेरचा आवाज ट्रेने अडत नाही. त्याला वजन लागतं, आणि पुठ्ठ्याला कसलं वजन!

मग एका दुकानात गेले. नाव सांगत नाही. ‘मॅडम, डबल ग्लास टाका, सुई पडलेली ऐकू येईल.’ जुन्याच पल्ल्यांत 6-6 मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये 12 मिलिमीटर हवा. किंमतही सांगत नाही, आमचे हे तिसऱ्या रांगेत बसलेत. एवढं करून भंगारवाला फक्त चार पावलं मागे सरकला. बसची घरघर तर जशीच्या तशी. दोन सारख्या काचांमधली ती चिमूटभर हवा स्प्रिंगसारखी वागते आणि 200 हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे बसच्या घरघरीसारखा खालच्या पट्टीतला आवाज उलट आत पोचवते. उकाड्याला ती काच बरी. मला उकाडा रेकॉर्ड करायचा नव्हता.

शेवटी आमच्या सोसायटीची कामं करणारे फॅब्रिकेटर मामा आले. त्यांनी मोजपट्टी काढलीच नाही. ‘ताई, उदबत्ती आहे?’ म्हणाले. देव्हाऱ्यातली दिली. दरवाजा लावून घेतला, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू करायला सांगितला आणि उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवायला लागले. धूर सरळ, सरळ, आणि दोन पल्ले मध्ये जिथे एकमेकांत अडकतात, त्या इंटरलॉकपाशी आडवा झाला. खाली बेअरिंगपाशी तर विझते की काय असं वाटलं. ‘वारा येतो तिथून आवाज येतो. आणि ताई, फट नसेल तर हा सरकणार कसा?’

मला जे सांगायचंय ते मामा बोलून गेले. आपण काचेवर पैसे घालतो आणि घोटाळा कडेला असतो. त्या फटीत केसाळ ब्रश असतो, वूल पाइल. तो धूळ अडवतो, आवाज नाही. घरी हिशेब केला: दरवाजा 1.8 बाय 2.1 मीटर, कडा आणि मधला सांधा मिळून जवळजवळ 10 मीटर. सगळीकडे 1 मिलिमीटर फट धरली तर 10 बाय 10 सेंटीमीटरचं भोक. मोरीच्या जाळीएवढं! मग काच कितीही भारी घ्या, हिशेबाने दरवाजा 26 डेसिबलच्या पुढे अडवत नाही.

कार्यवाह घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? अहो, विषय आत्ता सुरू झाला. बरं.

नवा घेत असाल तर बिजागरीचा घ्या, चारी बाजूंनी रबरावर दाबून बंद होणारा. सरकताच हवा असेल तर लिफ्ट अँड स्लाइड: मूठ फिरवली की पल्ला उचलला जाऊन सरकतो, उलटी फिरवली की खाली बसून रबर दाबतो. महाग आहे. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचा मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून चिकटवलेल्या. साधी 6 मिलिमीटरची काच 2000 हर्ट्झच्या आसपास स्वतःच थरथरते आणि आवाज सोडून देते. लॅमिनेटेडमधला तो पापुद्रा ती थरथर मारतो.

जुनाच ठेवत असाल तर एक पल्ला कायमचा बंद करून सिलिकॉन भरा. दुसऱ्याचं झिजलेलं वूल पाइल काढून मध्ये प्लॅस्टिकची पात असलेलं लावा. चौकट आणि भिंतीच्या मधे टिचकी मारून बघा, पोकळ वाजलं तर तेही भरा. आणि खरा फरक हवा असेल तर आतल्या बाजूने, निदान 10 सेंटीमीटर सोडून, दुसरा स्वतंत्र दरवाजा, रबराचा, काचेची जाडी वेगळी. मी शेवटी हेच केलं. आता भंगारवाला येऊन गेल्याचं मला खाली गेल्यावर कळतं. जाड पडदा लावा, पण तो खोलीतला घुमारा मारायला.

हां, एक राहिलंच. बाहेरच्या दरवाज्याच्या खालच्या ट्रॅकला बारीक भोकं असतात, पाणी निघायला. हातात सिलिकॉनची गन आली की माणूस तीही बुजवतो. मी बुजवली. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाला ट्रॅक भरला आणि पाणी माइकच्या केबलपर्यंत आलं... हो हो, थांबते. पुढचं उपम्याच्या रांगेत सांगते.