ऑफिसला मोठा स्कॅनर घ्यायचा? आधी कपाट उघडा

नमस्कार मंडळी. ही नळी बघा.

(पत्र्याची नळी टेबलावर ठेवून टोपण काढतो.)

आत खानापूर तालुक्यातल्या एका गावाचा जुना नकाशा आहे, मागून कापड डकवलेला. ही कड बघा, वीतभर फाटलीय. गेल्या वर्षी एका दुकानात स्कॅनला दिला होता. दुमडलेला कोपरा रोलरमध्ये अडकला आणि कुणी मशीन थांबवेपर्यंत एवढं झालं. दुसरी प्रत आमच्याकडे नाही. मी तडक ऑफिसात आलो आणि सरांना म्हटलं, आपलाच मोठा स्कॅनर घेऊया. सर म्हणाले, "आधी कपाट उघड."

तीन दिवस लागले. बेळगावच्या टिळकवाडीतलं आमचं ऑफिस लहानच, पण ट्रेसिंग, अमोनिया प्रिंट (ड्रॉइंगच्या जुन्या पद्धतीच्या प्रती), लेआउट, गावनकाशे मिळून 612 कागद निघाले. प्रत्येकाची रुंदी वहीत लिहिली, कारण यंत्राची किंमत रुंदीवर चढते. ए-झीरो कागद 841 मिलिमीटर रुंद, म्हणजे 33 इंचांच्या किंचित वर. त्याला 36 इंची यंत्र लागतं. ए-वन 594 मिलिमीटरचा, तो 24 इंचीत बसतो, पण दोन्ही बाजूंना जेमतेम सात-आठ मिलिमीटर उरतात. कागद तिरका गेला की कड कापली जाते. आमच्यात ए-झीरो किती निघाले? फक्त 43.

वहीत दुसरा रकाना केला: महिन्याला नवे मोठे कागद किती येतात? दहा-बारा. बाकी सगळं हल्ली कॅडमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलंच येतं. म्हणजे आमची गरज एकदाच्या साठ्याची होती, रोजची नव्हती. हा फरक माझ्या डोक्यात आधी आलाच नव्हता. तुम्हीही हा हिशोब करा: यंत्राची किंमत आणि वर्षाचा मेंटेनन्स मांडा, दुकानदाराच्या एका कागदाच्या भावाने भागा. जेवढे कागद येतील तेवढे तुमच्याकडे खरंच आहेत का? आणि वेळही धरा. गुंडाळी उलगडायची, धूळ पुसायची, सरळ घालायची, फाइलला नाव द्यायचं, कागदाला पाच मिनिटं म्हटलं तरी 612 कागदांचे 51 तास होतात.

उद्यमबागेतल्या आमच्या ओळखीच्या फौंड्रीवाल्यांचं गणित उलटं आहे. त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची कास्टिंगची ड्रॉइंगं रोज येतात, त्यावर पेनाने दुरुस्त्या केलेल्या असतात आणि संध्याकाळपर्यंत त्या पॅटर्नवाल्याला, म्हणजे साच्याचा नमुना करणाऱ्याला, पोचाव्या लागतात. त्यांनी जरूर घ्यावा.

"मोबाइलने फोटो काढला तर?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. वाचण्यापुरता चालतो. पण आपल्या भागातल्या जुन्या गावनकाशांचं प्रमाण बघा: एक इंचाला 660 फूट, म्हणजे 33 फुटी साखळीच्या वीस साखळ्या. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे रानात 26 फूट! गुंठ्याची बाजूच 33 फूट. फोटोत कडेला दोन मिलिमीटर वाकलं की तुमचा बांध शेजाऱ्याच्या उसात गेला. चांगल्या स्कॅनरच्या माहितीपत्रकातही अचूकता सहसा 0.1 टक्का लिहिलेली असते, म्हणजे मीटरभर लांबीत एक मिलिमीटर. पुन्हा तेच 26 फूट. शिवाय पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो. म्हणून हद्दीच्या भांडणात स्कॅनवर पट्टी ठेवू नका, सर्वेखात्याची मोजणीच घ्या. आणि स्कॅन करताना नकाशावरची प्रमाणपट्टी कधी कापू नका. पुढे तीच मोजून चित्र किती ताणलंय ते कळतं.

आता डेमो. घ्यायचं ठरलंच असेल तर दुकानातला गुळगुळीत नमुना बघून परत येऊ नका, आपले कागद न्या. एका मोठ्या कोऱ्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारा आणि तो घाला. रुंद यंत्रात सेन्सरच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. जोड नीट नसला तर रेघेला तिथे पायरी दिसते. मग घड्या पडलेला कागद घाला. सेन्सर दोन जातींचे असतात. सीआयएस जातीच्या सेन्सरला कागद काचेला चिकटून लागतो, घडीजवळ अक्षर पुसट येतं. दुसरी जात सीसीडी, त्यात कॅमेऱ्यासारखं भिंग असतं, तो घडी जास्त सांभाळतो, पण महाग पडतो. रिझोल्यूशन विचाराल तेव्हा "ऑप्टिकल किती?" असंच विचारा, म्हणजे सॉफ्टवेअरने फुगवलेला नाही, सेन्सरचा खरा आकडा कळतो. आमच्या कामाला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, पुरतं. रंगीत ए-झीरोची कच्ची फाइल तेवढ्यातही 400 एमबीच्या आसपास जाते.

आणि हे बघा.

(स्क्रीनवर एक स्कॅन दाखवतो, बोट ठेवतो.)

ही उभी रेघ. मी तिला पाणंद समजलो होतो. ती काचेवरच्या एका धुळीच्या कणाची रेघ आहे. कागद सरकतो, कण तिथेच राहतो, आणि नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उमटते. काच रोज पुसायला माणूस नेमलाय का, हे यंत्र घेण्याआधी ठरवा.

खरेदी कोल्हापुरातून, म्हणजे दुसऱ्या राज्यातून केली तर आयजीएसटी लागतो, हुबळीहून, म्हणजे आपल्याच राज्यातून केली तर सीजीएसटी-एसजीएसटी. जीएसटी नोंदणी असेल तर दोन्हीचं क्रेडिट मिळतं. कोगनोळीवरून, म्हणजे राज्याची हद्द ओलांडून माल येणार असेल तर 50,000 रुपयांच्या वर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना लागतो. त्याहून महत्त्वाचं, दुरुस्तीचा माणूस कुठून येतो ते लेखी घ्या.

फाइलींच्या नावांवर मात्र आम्ही चुकलो. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपल्या कपाटात मोडी, मराठी, इंग्रजी, कन्नड असे सगळे कागद एकत्र असतात. कुणी 'बेळगाव' लिहिलं, कुणी 'बेळगावी', आणि शोधताना निम्मं सापडेना. आता आधी गाव, मग सर्वे नंबर, मग वर्ष, एवढंच लिहितो, आणि गावाचं स्पेलिंग भिंतीवर चिकटवलंय.

आम्ही यंत्र घेतलं नाही. धडधाकट कागद बाहेरून स्कॅन करून घेतले, प्रत्येक खेपेला मी स्वतः शेजारी उभा राहिलो. कापडी नकाशे 27 आहेत. ते रोलरमध्ये घालणार नाही. टेबलावर सपाट पसरून, वर काच ठेवून, वरून कॅमेऱ्याने घ्यायचे ठरलंय. पाऊस उघडला की हा पहिला.

(नकाशा अलगद गुंडाळून नळीत घालतो.)